एकशे सत्त्याऐंशीची जागा

भात निसवायला लागले की शहापूर-मुरबाडकडच्या खाचरांत उंदरांची चंगळ होते आणि त्यांच्या मागावर नाग बांधावर येतो. मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती रात्री फिरते, बरीचशी दुसऱ्या सापांवर जगते, आणि कारवीच्या कुडातून घरात शिरली तर खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ उठते, थुंकी गिळवत नाही, आणि पापण्या मिटू लागतात. माणूस शुद्धीवर असतो, भोवतीची रडारड त्याला ऐकू येत असते, पण पापणी वर उचलत नाही. असे का होते, याचे बरेचसे उत्तर आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेले आहे. त्याचे नाव सीएचआरएनए-१. स्नायूंवरच्या निकोटिनिक ॲसिटिलकोलिन रिसेप्टरचा आल्फा उपघटक कसा घडवायचा, याचा पाठ त्यात आहे. मला हा पाठ निसर्गातल्या अत्यंत देखण्या रचनांपैकी एक वाटतो. त्यातल्या मोजक्या जागा वाचकाबरोबर सावकाश पाहाव्यात, असे मनात आहे.

आधी त्याचे काम. बोट हलवायचे ठरले की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटते, समोरच्या स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसते, रिसेप्टरच्या मधोमध असलेले छिद्र उघडते, त्यातून सोडियम आत घुसते आणि स्नायू आखडतो. छिद्र उघडे राहते ते मिलिसेकंदाच्या हिशेबात, आणि तेवढ्यात हजारो आयन आत गेलेले असतात. एकेका रेणूची ही उघडझाप एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रथम टिपली. पुढे १९९१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा रिसेप्टर पाच उपघटकांचा गोल मेळ असतो. प्रौढ माणसात दोन आल्फा, आणि बीटा, डेल्टा, एप्सिलॉन एकेक. गर्भात एप्सिलॉनच्या जागी गॅमा असतो. ॲसिटिलकोलिन बसण्याच्या दोन्ही जागांचा मुख्य भाग आल्फाकडे आहे, म्हणून पाचांत मानाचे पान आल्फाचे. माणसातला हा पाठ क्योतो विद्यापीठातल्या शोसाकू नुमा यांच्या गटाने १९८३ मध्ये वाचून काढला. तयार झालेल्या साखळीच्या पुढच्या टोकाचा वीस अमिनो आम्लांचा तुकडा छाटला जातो आणि ४३७ उरतात. यापुढचे सगळे क्रमांक या उरलेल्या साखळीचे आहेत.

पहिली थांबण्याची जागा १४९. इथे ट्रिप्टोफॅन आहे. अमिनो आम्लांतले हे सर्वांत मोठे, दोन जोडकड्यांचे. साखळीची घडी पडते तेव्हा दूरदूरचे सगेसोयरे याच्या भोवती जमतात. ९३ वरचे टायरोसिन, १९० वरचे टायरोसिन, १९८ वरचे टायरोसिन, आणि शेजारच्या उपघटकाकडून आलेले आणखी एक ट्रिप्टोफॅन. पाचही कडीदार, पाचही सपाट पाठीचे. त्यांच्यामध्ये एक छोटी खोली तयार होते आणि ॲसिटिलकोलिन तिथे येऊन बसते. आता गंमत पाहा. ॲसिटिलकोलिनच्या डोक्यावर धन विद्युतभार आहे. धनभाराला धरून ठेवायचे तर समोर ऋणभार हवा, असे आपण शाळेत शिकलो. इथे तसे काही नाही. १४९ च्या सपाट कडीच्या पाठीवर इलेक्ट्रॉनांचा जो पातळ थर असतो, तेवढ्यावर हा धनभार टेकतो. पक्का ऋणभार ठेवला असता तर ॲसिटिलकोलिन चिकटून राहिले असते, आणि एका मिलिसेकंदात उघडून मिटण्याचे काम बिघडले असते. धरायचे, पण लगेच सोडता येईल इतकेच धरायचे. या मापाची पकड एवढ्या हलक्या हाताने साधलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

तिथून चारच पावलांवर १५३. या जागेवर ग्लायसिन आहे, सर्वांत लहान अमिनो आम्ल, ज्याला बाजूची फांदीच नाही. वरवर वाचणारा इथून पुढे निघून जाईल. पण शहापूर-मुरबाडच्या घरांत सकाळी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या संदर्भात हे ग्लायसिन फार मोलाचे आहे. मशेरीतले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर मेंदूतही पोहोचते, स्नायूतही. मेंदूतले याच कुळातले रिसेप्टर त्याला ताबडतोब दाद देतात, तलफ तिथेच तयार होते. स्नायूंवरचे रिसेप्टर मात्र ढिम्म राहतात. ते तसे राहिले नसते तर मशेरी लावताच हातपाय आखडले असते. दोन्हीकडची खोली त्याच पाच कडीदारांची, मग फरक कशाचा? मेंदूतल्या आल्फा-४ उपघटकात ग्लायसिनच्या जागी लायसिन आहे. त्या एका बदलाने १४९ च्या ट्रिप्टोफॅनची बैठक किंचित सरकते आणि निकोटीनचा धनभार त्याच्या पाठीवर नीट टेकतो. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतले डेनिस डॉहर्टी आणि हेन्री लेस्टर यांच्या गटाने हे २००९ मध्ये दाखवले. स्नायूच्या रिसेप्टरमध्ये १५३ वर त्यांनी लायसिन बसवले, आणि इतके दिवस निकोटीनकडे दुर्लक्ष करणारा तो रिसेप्टर त्याला दाद देऊ लागला.

याच १५३ ची दुसरी बाजू एका आजारात दिसते. काही कुटुंबांत इथल्या ग्लायसिनचे सेरिन झालेले असते. सेरिन म्हणजे फार मोठा बदल नव्हे, एक लहानशी फांदी फुटते इतकेच. पण तेवढ्याने ॲसिटिलकोलिन लवकर सुटत नाही, छिद्र पुन्हा पुन्हा उघडत राहते, जास्तीचे कॅल्शियम आत शिरून मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्याची जागाच खराब होते. मान आणि हाताची बोटे दुबळी पडत जातात. मेयो क्लिनिकच्या अँड्र्यू एंगेल आणि स्टीव्हन साइन यांनी १९९५ मध्ये हा बदल ओळखला. उपचाराला क्विनिडीन किंवा नैराश्यावरचे फ्लुओक्सेटीन देतात, कारण ही औषधे उघड्या छिद्रात अडकून ते लवकर बंद करतात. लायसिन नको, सेरिन नको, फांदी नसलेले ग्लायसिनच हवे. रिकामी वाटणारी जागा किती नेमकी रिकामी ठेवलेली आहे!

मधल्या एका वळणाला फक्त हात लावून पुढे जाऊ. १२८ आणि १४२ या दोन सिस्टिनांची गंधकाने गाठ मारलेली आहे आणि मध्ये बरोबर तेरा अमिनो आम्लांचा फास आहे. ही गाठ ग्लायसिन आणि गाबा या संदेशवाहक रेणूंच्या रिसेप्टरांतही आढळते. सगळ्या कुळाची ती खूणगाठ. गाठीच्या लगेच आधी, १४१ वर, एक साखरेची शाखा लटकलेली असते, ती लक्षात ठेवावी.

आता १८५ ते २०० हा पट्टा. या पाठाचा प्राण इथे आहे. अभ्यासक याला सी-फास म्हणतात. तो त्या खोलीच्या तोंडावर झाकणासारखा वाकलेला असतो, ॲसिटिलकोलिन आत आले की आत मिटतो, आणि त्या हालचालीचा धक्का खाली छिद्रापर्यंत जातो. माणसात १८४ पासूनचा पाठ असा: ट्रिप्टोफॅन, लायसिन, हिस्टिडिन, सेरिन, व्हॅलिन, थ्रिओनिन, टायरोसिन, सेरिन, सिस्टिन, सिस्टिन, प्रोलिन. शेवटाकडची सिस्टिनची जोडी पाहा, १९२ आणि १९३. प्रथिनांत सिस्टिन-सिस्टिनची गाठ ठायी ठायी सापडते, पण ती दूरच्या दोघांत असते. सख्ख्या शेजाऱ्यांची एकमेकांशी गाठ फारच दुर्मीळ, कारण तशी गाठ मारायला साखळीला अवघड पिळा द्यावा लागतो. इथे तो पिळा दिलेला आहे आणि झाकणाच्या अगदी टोकाला तो कडक नखासारखा बसतो. हे जोडसिस्टिन असेल तरच उपघटकाला आल्फा म्हणायचे, अशी या कुळातली रीत आहे. एवढ्या मोठ्या कुळातल्या थोरल्या शाखेची ओळख एका अवघड पिळ्यावर ठरावी, यात मला निसर्गाची उत्तम अभिरुची दिसते.

साप नेमका इथेच येतो. १९६३ मध्ये तैपेई इथल्या नॅशनल तैवान विद्यापीठात सी. सी. चांग आणि ली चेन-युआन यांनी तैवानच्या मण्यारीच्या विषातून आल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे काढले. ७४ अमिनो आम्लांचे हे लहान प्रथिन, पाच गाठींनी घट्ट आवळलेले. त्यातून तीन फास बाहेर येतात, म्हणून या घराण्याला तीनबोटी विषे म्हणतात. नागाच्या विषात याच घराण्यातली विषे असतात. मधले बोट सी-फासाखाली शिरते, झाकणाला बाहेर रेटते आणि खोली अडवते. छिद्र मिटलेलेच राहते. आल्फा-बंगारोटॉक्सिन एकदा बसले की सहजी उठत नाही. या हट्टामुळेच ते प्रयोगशाळेत अमोल ठरले. किरणोत्सारी आयोडीन लावून ते स्नायूवर सोडले की रिसेप्टर मोजता येतात. बाल्टिमोरमध्ये फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी १९७३ मध्ये असे मोजून दाखवले की मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदुर्बलतेच्या आजाराच्या रुग्णांत रिसेप्टरच कमी असतात. २००७ मध्ये उंदराच्या आल्फा-१ चा बाहेरचा भाग आणि हे विष यांचे एकत्र स्फटिकचित्र १.९४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने मिळाले. त्यात १४१ वरची साखरेची शाखाही विषाला टेकलेली दिसते. चित्र पाहताना मन दोन्हीकडे ओढले जाते. विष घातक आहे, पण आपल्या प्रथिनाची नेमकी समज त्याच्याइतकी कोणालाच नव्हती, हे मान्य करावे लागते.

आता या लेखाच्या मुख्य जागेशी येतो, १८७ आणि १८९. विष उंदरावर चांगले चालते. उंदरात १८७ वर ट्रिप्टोफॅन आणि १८९ वर फेनिलॲलनिन आहे, दोघेही कडीदार, विषाला टेकायला सोयीचे. मुंगसावर ते चालत नाही. मुंगसाच्या कथा आपल्याकडे घरोघरी आहेत आणि त्यांत त्याने खाल्लेल्या मुळीचा उल्लेख हमखास येतो. खरी मुळी या जनुकात आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स यांच्या गटाने १९९२ मध्ये इजिप्तच्या मुंगसाचा हा पट्टा वाचला. आपल्या बांधावरचे मुंगूस त्याचेच भाऊबंद. उंदराशी ताडून पाहिल्यावर १८७ वर ट्रिप्टोफॅनऐवजी ॲस्पॅरॅजिन, १८९ वर थ्रिओनिन, १९१ वर सेरिनऐवजी ॲलनिन, १९४ वर प्रोलिनऐवजी ल्युसिन आणि १९७ वर प्रोलिनऐवजी हिस्टिडिन निघाले. पेशीचा एक नियम असा की ॲस्पॅरॅजिन, मग प्रोलिन सोडून कोणतेही एक, आणि मग थ्रिओनिन किंवा सेरिन असा क्रम आला की त्या ॲस्पॅरॅजिनवर साखरेची शाखा जोडली जाते. मुंगसात १८७ ते १८९ हा क्रम जुळतो आणि शाखा फुटते. कुंपणाच्या खिंडारात बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकली की कोंबडी वाकून आत जाते आणि ढोर बाहेर अडते, तसा हा बंदोबस्त आहे. ॲसिटिलकोलिन चिमुकले, ते फांदीखालून निघून जाते. विष त्याच्या पन्नासपट जड, ते अडते. शिवाय १९४ आणि १९७ चे बदल झाकणाचा बाक थोडा फिरवतात.

आणि मुंगसाने काय हलवले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. खोलीतली टायरोसिने जागच्या जागी आहेत, जोडसिस्टिन जागच्या जागी आहे. पाच बदल झाले ते सगळे त्यांच्या आजूबाजूला आणि मधल्या फटींत. जिथे मुक्काम आहे तिथे धक्का नाही, वाटेवर मात्र कडक पहारा. गाण्याच्या बैठकीत अशा जागेला आपोआप दाद निघते.

नाग स्वतःच्या विषाने का मरत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. इजिप्तच्या नागात १८९ वर ॲस्पॅरॅजिन आहे. मध्ये १९० चे टायरोसिन, आणि त्यापुढच्या जागेने नियम पूर्ण होऊन तिथेही साखर जडते. २००१ मध्ये झोल्टन टाकाक्स आणि सहकाऱ्यांनी हे मांडले. म्हणजे शिकारी आणि शिकार, दोघांनी एकच युक्ती केली, फक्त दोन घरे सोडून. इथे मुंगसाच्या १९१ वरचे ॲलनिन आठवावे. तिथे सेरिन किंवा थ्रिओनिन नसल्यामुळे नागाची वाट मुंगसाला बंदच आहे. त्याला १८७ चीच वाट घ्यावी लागली. रानडुकराचा मार्ग तिसरा. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनिएल ड्रॅबेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हनी बॅजर, हेजहॉग आणि डुक्कर यांचा पाठ तपासला. १८७ वर तिथे आर्जिनिन आहे, धनभार असलेले. विषाच्या मधल्या बोटावरही धनभार आहे, आणि सारखे भार एकमेकांना लोटतात. साखर नाही, फांदी नाही, एकच भार. रात्री भातात घुसणाऱ्या रानडुकरावर शेतकऱ्याचा राग रास्त आहे, पण त्याच्या १८७ ची कारागिरी मात्र नावाजण्याजोगी आहे.

मग माणूस? आपल्याकडे १८७ वर सेरिन आणि १८९ वर थ्रिओनिन आहे. उंदराची दोन्ही कडीदार माणसात नाहीत, म्हणून वाइझमन गटाच्या १९९५ च्या प्रयोगांत मानवी तुकड्याला विष उंदराच्या तुकड्यापेक्षा कमी पकडीने चिकटले. पण साखर नाही. आता क्रम पुन्हा वाचा: सेरिन, व्हॅलिन, थ्रिओनिन. नियमाला हवे ते थ्रिओनिन आपल्याजवळ आहे, मधले व्हॅलिन चालते, फक्त पहिले सेरिन ॲस्पॅरॅजिन असते तर मुंगसाचा पहारा आपल्याला लाभला असता. आणखी दोन घरे पुढे: थ्रिओनिन, टायरोसिन, सेरिन. तिथे पहिले थ्रिओनिन ॲस्पॅरॅजिन असते तर नागाचा पहारा मिळाला असता. मुंगसाला एकच वाट मोकळी होती, आपल्यापुढे दोन्ही मोकळ्या आहेत, आणि दोन्हींवर आपण एकेका पावलाने अलीकडे उभे आहोत. हा पाठ मी वाचतो तेव्हा या तीन-तीन अक्षरांवर नजर दर वेळी अडखळते. सुंदर आणि जीवघेणे एकाच ओळीत इतके लगटून बसलेले असते, हे दुसऱ्या कोणत्या ओळीत इतके उघड दिसत नाही.

हे अर्धवट संरक्षण आले कुठून? क्वीन्सलँड विद्यापीठातल्या रिचर्ड हॅरिस, ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वेगवेगळ्या वानरकुळांतला हा पट्टा कृत्रिमरीत्या तयार करून त्यावर नागांची विषे सोडली. मादागास्करचे लेमूर आणि अमेरिकेतली माकडे जास्त बळी पडणारी निघाली. त्या प्रदेशांत नाग नाहीत. आफ्रिका-आशियातल्या माकडांवर विषाची पकड कमी, आणि माणूस, चिंपांझी, गोरिला यांच्यावर आणखी कमी. नागांच्या शेजारात काढलेल्या लाखो वर्षांनी हे घडवले असावे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. तानसाच्या रानाजवळ आज शेत कसणाऱ्याच्या स्नायूंत आफ्रिकेतल्या त्या शेजाराची आठवण जिवंत असेल, तर ती सेरिन आणि थ्रिओनिन या रूपात.

खाली छिद्रापाशीही एक जागा पाहण्यासारखी आहे. पाचही उपघटकांची ल्युसिने एका पातळीत येऊन कडे करतात, आणि तेलकट स्वभावाचे हे कडे मिटलेल्या स्थितीत आयनांना अडवते. छिद्र बुजवावे लागत नाही, पाण्याला नकोसे केले की पुरते.

माणसातल्या या जनुकाच्या पाठात एक गूढही आहे. तिसऱ्या आणि चौथ्या खंडाच्या मध्ये ७५ अक्षरांचा एक जादा तुकडा आहे. त्याला पी-३-ए म्हणतात. जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या एका प्राचीन क्रमापासून तो आला आहे, आणि माणूस व मोठे वानर यांच्यातच तो वाचला जातो. आपल्या स्नायूंत या जनुकाच्या प्रतींपैकी सुमारे निम्म्यांत हा तुकडा घेतलेला असतो, पण त्यातून निघालेला पंचवीस अमिनो आम्लांनी लांबलेला आल्फा रिसेप्टरमध्ये बसतच नाही. म्हणजे निम्मी मेहनत दिसायला वाया. इतक्या काटेकोर पाठात एवढी मोठी ओळ कोणी निष्काळजीपणे ठेवील, हे मला मानवत नाही. तिचा उपयोग सापडेल त्या दिवसाची मी खरोखर वाट पाहतो.

हे सगळे प्रत्यक्ष दिसते ते रुग्णालयात. सर्पदंशाचा माणूस आला की डॉक्टर वर पाहायला सांगतात आणि पापणी किती खाली येते ते बघतात. जीभ बाहेर काढायला लावतात. उशीवरून मान उचलायला सांगतात. एका श्वासात आकडे मोजायला लावतात. आधी पंचवीस-तीसपर्यंत जाणारा माणूस बारावरच थांबला, तर श्वासाचे स्नायू ढिले पडू लागले. या क्रमालाही अर्थ आहे. रिसेप्टर गरजेपेक्षा बरेच जास्त असतात. साधारण तीन चतुर्थांश अडेपर्यंत स्नायू काम सोडत नाही. डोळ्यांच्या स्नायूंत ही राखीव ताकद कमी, म्हणून पापणी आधी पडते. श्वासपटलात ती जास्त, म्हणून तो शेवटी हरतो. पापणी आणि श्वास यांच्यामधले ते तास म्हणजे रुग्णाचे आयुष्य. त्यात तो मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात पोहोचला पाहिजे, हे पुन्हा पुन्हा सांगावे असे मला वाटते. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

उपचारातही हा पाठ वाचता येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची एकत्रित प्रतिसर्पविष लस घोड्याच्या रक्तद्रवातून करतात. परळची हाफकिन ही तिची आपल्याकडची जुनी जागा. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. नागाच्या दंशात तिच्या जोडीला ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देतात. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबवते, ते साठत जाते, आणि विष जरा हलले की खोलीत तेच आधी जाऊन बसते. पडलेली पापणी अर्ध्या तासात वर येताना दिसते. त्या वर येणाऱ्या पापणीत १४९ चे ट्रिप्टोफॅन आपले काम पुन्हा करत असते. मण्यारीत मात्र हे पुष्कळदा जमत नाही. तिच्या विषात बीटा-बंगारोटॉक्सिनच्या जातीची विषेही असतात. ती आपल्या जनुकाच्या वाटेला न जाता समोरचे मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करतात. सोडायला ॲसिटिलकोलिनच उरत नाही, मग खोली मोकळी असून काय उपयोग? टोक नव्याने फुटेपर्यंत कृत्रिम श्वासावरच दिवस काढावे लागतात.

या पाठाला २०२४ मध्ये एक वेगळीच दाद मिळाली. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेने, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनागर यांच्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने, कृत्रिमरीत्या जमवलेल्या मानवी प्रतिपिंडांच्या मोठ्या संग्रहातून एक प्रतिपिंड निवडले, ९५मॅट५. लांब साखळीच्या तीनबोटी विषांना ते पकडते. नागराज आणि ब्लॅक माम्बाच्या विषापासूनही त्याने उंदरांचे रक्षण केले. बीटा जातीच्या विषांवर त्याचा इलाज नाही, त्यांना दुसरे काही शोधावे लागेल. पण त्याचे स्फटिकचित्र काढले तेव्हा पाहणाऱ्यांना ओळखीची आकृती दिसली. विषाच्या मधल्या बोटाला आपला रिसेप्टर जिथे आणि जशी पकड देतो, तिथेच आणि जवळजवळ तशीच पकड या प्रतिपिंडाने दिली होती. संग्रहातल्या अगणित प्रतिपिंडांतून जे जिंकले, ते सीएचआरएनए-१ च्या सी-फासाची नक्कल करणारे निघाले.